हिंबांच्या दारी

नामिबियाहून परतल्याला चार महिने होऊन गेले. भेटेल त्या नातेवाइकाचा प्रश्न एकच, "हिंबांचे फोटो कधी दाखवणार?" पुण्याच्या भाचीने तर स्पष्टच विचारलं, "मावशी, एवढ्या लांब जाऊन आलीस आणि इथे नुसते वाळूचे डोंगर लावतेस?" फोटो आहेत, अगदी मोजके. ते इथे लावणार नाही, कारण ज्यांचे ते फोटो आहेत त्यांना मी "घरच्या माणसांना दाखवेन" एवढंच सांगितलं होतं. तेव्हा ज्यांना पाहायचे असतील त्यांनी घरी यावं, चहाही मिळेल.

पण फोटोऐवजी लिहिण्यासारखं बरंच काही आहे. लेक-जावई सध्या जोहान्सबर्गला असतात. त्यांनी सहलीचं ठरवलं तेव्हा एका प्रवासी कंपनीचं रंगीत माहितीपत्रक माझ्या हातात आलं. त्यात लालसर अंगाच्या, कातड्याची वस्त्रं नेसलेल्या बायकांचं चित्र आणि खाली ओळ, की या लोकांच्या देशात काळ थांबला आहे. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला असं वाक्य फार बोचतं. काळ कुठेच थांबत नसतो. थांबला आहे असं वाटलं, तर आपल्याला तिथला इतिहास माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ. म्हणून निघण्याआधी दोन महिने जमेल तेवढं वाचलं, आणि तिथे गेल्यावर त्या वाचनाचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुर्बिणीचाही झाला नाही.

आधी भूगोल. नामिबियाच्या नकाशात वर डाव्या कोपऱ्यात कुनेने नावाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तर भागाला काओकोलँड म्हणत. उत्तरेला कुनेने नदी, पलीकडे अंगोला. पश्चिमेला वाळवंट आणि त्याला लागून अटलांटिक समुद्र. पाऊस अगदी थोडा, तोही लहरी. या मुलखात, नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून, सुमारे ५० हजार हिंबा राहतात असा अंदाज आहे. गुरं, शेळ्या-मेंढ्या हे त्यांचं धन. त्यांची भाषा ओत्जिहेरेरो, म्हणजे नामिबियातल्या हेरेरो लोकांचीच. हिंबा आणि हेरेरो ही एकाच मुळाची माणसं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजधानी विंडहुकपासून ओपुवो हे गाव सातशे किलोमीटरहून जास्त लांब. हिंबांच्या मुलखाचं हे बाजाराचं ठिकाण. तिथल्या किराणा दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका होत्या. एक हिंबा : अंगाला गेरू आणि लोण्याचा लेप, केसांच्या लेप दिलेल्या जाड बटा, डोक्यावर कातड्याचं छोटं मुकुटासारखं शिरोभूषण, त्याला एरेंबे म्हणतात. दुसरी हेरेरो : पायघोळ, फुगीर बाह्यांचा, कितीतरी वार कापडाचा झगा, आणि डोक्याला दोन्ही बाजूंना गाईच्या शिंगांसारखं निघालेलं कापडी शिरोभूषण. दोघी एकाच भाषेत खळखळून हसत काहीतरी बोलत होत्या. जावईबापू हळूच म्हणाले, "एक जुनी, एक नवी." दिसतं तसंच खरं, पण तसं ते नाही.

हेरेरो बाईचा तो झगा एकोणिसाव्या शतकात आलेल्या जर्मन मिशनऱ्यांच्या घरच्या बायकांकडून आला. त्यांनी तो घेतला आणि त्यावर गाईची शिंगं चढवून आपलासा केला. हिंबा बाईने तो घेतला नाही, यालाही तितकाच इतिहास आहे. एका बहिणीच्या अंगावर १८६० चा इतिहास आणि दुसरीच्या अंगावर काहीच नाही, असं कसं होईल?

तर तो इतिहास थोडक्यात असा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दक्षिणेकडच्या नामा टोळ्यांनी या मुलखावर धाडी घालायला सुरुवात केली. केप वसाहतीतून आलेल्या बंदुका आणि घोडे त्यांच्याकडे होते. काओकोलँडच्या पशुपालकांची गुरं गेली, आणि गुरं गेली म्हणजे सगळंच गेलं. पुष्कळ कुटुंबं कुनेने नदी ओलांडून अंगोलात गेली. तिथे शेजाऱ्यांकडे मागून खायची वेळ आली. 'हिंबा' या नावाचा अर्थ 'मागणारे' असा सांगितला जातो, तो याच दिवसांमुळे. आज काही पर्यटक तक्रार करतात, की तिथे लोक फार मागतात. त्यांना मी हे नाव कुठून आलं ते सांगते.

अंगोलात पोर्तुगीजांचं राज्य होतं. हिंबा पुरुष त्यांच्यासाठी लढले, हत्तींच्या शिकारी केल्या, हस्तिदंत आणि गुरांचा व्यापार केला. त्यांच्यातला व्हिटा टॉम नावाचा पुढारी तर मोठा लढवय्या, बोअर लोक त्याला 'ओरलोग', म्हणजे युद्ध, असंच म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो आपली माणसं आणि गुरं घेऊन नदीच्या दक्षिणेला परतला. म्हणजे ज्यांना आपण काळाबाहेरचे म्हणतो त्यांच्या आज्या-पणज्यांनी निर्वासितपण पाहिलं, पोर्तुगीज फौज पाहिली, आंतरराष्ट्रीय व्यापार केला आणि पुन्हा शून्यातून कळप उभे केले.

आणि नदी न ओलांडलेल्या भावंडांचं काय झालं? १८८४ मध्ये हा देश जर्मनीची वसाहत झाला. जमिनी आणि गुरं हातची जाऊ लागली तेव्हा १९०४ च्या जानेवारीत हेरेरोंनी उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गची लढाई झाली. नंतर हेरेरोंना ओमाहेके वाळवंटात हाकलून पाण्याच्या जागांवर पहारे बसवले गेले. २ ऑक्टोबर १९०४ रोजी सेनापती फॉन ट्रोथा याने लेखी हुकूम काढला, की जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो गोळी घालून मारला जाईल. उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं. १९०८ पर्यंत अंदाजे ८० हजारांपैकी ६५ हजार हेरेरो आणि २० हजारांपैकी १० हजार नामा मेले. मेलेल्यांच्या कवट्या 'अभ्यासासाठी' जर्मनीला पाठवल्या गेल्या. त्यांतल्या वीस कवट्या २०११ मध्ये बर्लिनहून परत आल्या. जर्मन सरकारने या प्रकाराला अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला २०२१ साल उजाडलं.

काओकोलँड जर्मन पोलिसांच्या पक्क्या अमलाच्या बाहेर होतं, म्हणून तिथले लोक या वावटळीतून बरेचसे वाचले. मुख्य मुलखातल्या हेरेरोंची गुरं, जमीन, वस्त्या सगळं मोडलं, आणि कोपऱ्यातल्या हिंबांचं राहिलं. त्या दुकानातल्या रांगेत दोन वेगळे वेश का होते, त्याचं मोठं कारण हे.

पुढे १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने जर्मनांकडून हा देश घेतला. नव्या सरकारने काओकोलँडला जवळजवळ कुलूप लावलं. दक्षिणेकडच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या गुरांना रोगाची लागण होऊ नये म्हणून हिंबांची गुरं खाली विकायला बंदी. नदीपलीकडे अंगोलाशी पूर्वापार व्यापार होता, त्यालाही बंदी. बाहेरच्यांना परवान्याशिवाय प्रवेश नाही. मायकल बोलिग या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाने याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्याचं म्हणणं असं, की हिंबांचं ते 'एकटेपण' पुरातन नव्हतं, ते वसाहतीच्या सरकारने घडवलेलं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आधी माणसांना व्यापारातून तोडायचं, रस्ते बंद करायचे, आणि साठ-सत्तर वर्षांनी म्हणायचं, पाहा किती मागे राहिलेत, पाहा किती निर्मळ राहिलेत! दोन्ही वाक्यं बोलणारा तोच.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, आणि तो कायदा १९५२ मध्ये गेल्यावरही तो शिक्का पुसायला आपला समाज तयार नव्हता. माझ्या वर्गात अशा घरातली मुलं बसत. सरकारने मारलेला शिक्का लोक निसर्गाने दिलेला समजतात, हे मी तिथे पाहिलं आहे.

असो. आता प्रत्यक्ष भेटीबद्दल.

आमचा वाटाड्या स्वतः हिंबा घरातला तरुण, शाळा शिकलेला, इंग्रजी चांगलं बोलणारा. त्याने आधी ओपुवोलाच मक्याचं पीठ, साखर आणि खाण्याचं तेल घ्यायला लावलं. मी मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटं विचारली तर म्हणाला, नको, इथे दाताचा डॉक्टर नाही. वस्तीपासून थोड्या अंतरावर गाडी थांबवून तो आधी एकटा आत गेला, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आला, मगच आम्ही उतरलो. सांगून न जाता कुणाच्या दारात उभं राहणं आपल्याकडेही बरं दिसत नाहीच.

वस्तीला ओंगांडा म्हणतात. मोपाने झाडाच्या लाकडांची, शेणमातीने लिंपलेली गोल घरं, मधोमध गुरांचा वाडा. मुख्य घर आणि वाडा यांच्यामध्ये एक विस्तव असतो. पाहणाऱ्याला वाटेल, चार लाकडं आणि राख. तो ओकुरुवो, पवित्र अग्नी. त्याच्याजवळ बसून घरातला कर्ता पुरुष पूर्वजांशी बोलतो आणि पूर्वज मुकुरूपर्यंत, म्हणजे देवापर्यंत, निरोप नेतात अशी श्रद्धा. त्या अग्नीच्या आणि मुख्य घराच्या किंवा वाड्याच्या मधून परक्याने जायचं नाही. वाटाड्याने हे सांगितल्यावर मला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही. चपला घालून कुणी आपल्या देव्हाऱ्यापुढून गेलं तर कसं वाटेल? आम्ही मागून वळसा घालून गेलो.

'मोरो' म्हणजे नमस्कार, 'पेरिवी' म्हणजे कसं काय, आणि 'ओकुहेपा' म्हणजे आभार. हे तीन शब्द मी गाडीत घोकले होते. माझ्या उच्चारांवर बायका पोटभर हसल्या आणि अवघडलेपण गेलं. मग त्यांनी दह्याचा भोपळा दाखवला. वाळक्या भोपळ्यात दूध घालून, तो टांगून, मागेपुढे हलवून लोणी काढतात. ते लोणी आणि दगडावर कुटलेला तांबडा गेरू एकत्र केला की ओत्जिझे तयार होतो. सुवासासाठी त्यात रानातल्या झुडपाचा डिंक घालतात. उन्हापासून, कोरड्या हवेपासून अंग राखतो आणि शोभाही देतो. पाण्याचा दुष्काळ, म्हणून बायका सुगंधी काड्यांच्या धुरीने अंग स्वच्छ करतात. तुळशीवृंदावनाला गेरू लावणाऱ्या आणि बाळंतिणीला धुरी देणाऱ्या आपल्यासारख्यांना यात 'विचित्र' काय वाटावं?

केसांवरूनही सगळं कळतं. वयात न आलेल्या मुलीच्या दोन वेण्या पुढे कपाळावर येतात, मुलाची एक वेणी मागे जाते. लग्न झालेल्या पुरुषाचं डोकं झाकलेलं असतं. नातीही दुहेरी मोजतात. प्रत्येक माणूस बापाच्या कुळाचाही असतो आणि आईच्या कुळाचाही. पूजाअर्चा, पवित्र अग्नी हे बापाकडून चालतं. गुरांचा मोठा वारसा मात्र आईच्या कुळातून जातो, म्हणजे मामाकडून भाच्याला.

मग एका म्हातारीने वाटाड्यामार्फत मला विचारलं, "तुझ्याकडे गुरं किती?" मी म्हटलं, एकही नाही. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की तिला माझी दया आली असावी. म्हणून मी सांगितलं, वडिलांकडे होती. आमचं गाव माण तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात चारा संपला, वडिलांनी बैलजोडी कवडीमोलाने विकली आणि गाय दावणीलाच गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. आई रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई आणि तिथली सुकडी पदरात बांधून आणी. वाटाड्याला हे इंग्रजीतून सांगताना माझी तारांबळ उडाली, पण त्याने ते सांगितलं असावं बरोबर, कारण म्हातारी एकदम गप्प झाली.

मग तिने सांगितलं. १९८०-८१ च्या सुमाराला त्यांच्याकडे पाऊस पडला नाही. काओकोलँडमधली सुमारे ९० टक्के गुरं त्या दुष्काळात मेली, हे मी वाचलं होतं. तिने फक्त एवढंच सांगितलं, की बापाचा सगळा कळप गेला, ती तेव्हा लहान मुलांची आई होती, आणि मक्याच्या पिठासाठी ओपुवोला रांगेत उभी राहत असे. स्वातंत्र्ययुद्धाचे दिवस होते. पोटासाठी कित्येक तरुण दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात भरती झाले, तिचा भाऊही. दुष्काळानंतर पुन्हा एकेक गाय करत कळप वाढवला. "आता पुन्हा पाऊस कमी झाला आहे," ती म्हणाली. हेही खरं आहे. गेली दहा-बारा वर्षं तो भाग पुन्हापुन्हा होरपळतो आहे, आणि २०२४ मध्ये नामिबिया सरकारने देशभर दुष्काळी आणीबाणी जाहीर केली होती. आम्ही दोघी मग थोडा वेळ काही बोललो नाही.

या गप्पांनंतर कॅमेरा काढायला हात धजत नव्हता. तिनेच सुनेला हाक मारली आणि दोघींचा काढ म्हणाली. काढल्यावर तो तिला दाखवला.

फोटोचा एवढा बाऊ कशाला, असं काहींना वाटेल. पण कॅमेऱ्यालाही इतिहास आहे. १८९६ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात वसाहतींतून शंभराहून अधिक माणसं आणून लोकांना 'दाखवली' गेली. त्यांत हेरेरोही होते, खुद्द त्यांच्या प्रमुखाचा मुलगा फ्रीडरिश महारेरो होता. त्याचे त्या वेळचे फोटो कोट-टायमधले आहेत. रानटी म्हणून पाहायला आलेल्यांपुढे तो नीटनेटका गृहस्थ म्हणून उभा राहिला. आणि आपण तरी कुठे सुटलो? १८६८ ते १८७५ च्या दरम्यान इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड छापले. त्यांतल्या बहुतेकांना नाव नाही, फक्त जातीचं लेबल. आपल्याच पणजोबांकडे असं पाहिलं गेलं असताना आपण दुसऱ्याकडे तसंच पाहावं, हे काही मनाला पटत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. हिंबांना आपण बिचारे समजू नये. नामिबिया २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झाला. (त्या वेळी तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याचे प्रमुख आपले जनरल प्रेमचंद होते.) त्यानंतर सरकारने कुनेने नदीवर एपुपा धबधब्याजवळ मोठं धरण बांधायचं ठरवलं. हिंबांचे प्रमुख हिकुमिनुए कापिका यांनी साफ नकार दिला. नदीकाठी त्यांच्या पूर्वजांच्या कबरी आहेत. ज्याचे पूर्वज जिथे पुरले आहेत त्याचा त्या जमिनीवर शब्द चालतो, अशी त्यांची रीत. म्हणजे कबर हाच सातबारा. कबरी बुडाल्या की हक्क बुडाला. शिवाय कोरड्या काळात गुरांना चारा आणि माणसांना ताडाची फळं देणारा तो काठ. हिंबांचे प्रमुख युरोपपर्यंत जाऊन आपलं म्हणणं मांडून आले. एपुपाचं धरण झालं नाही. आता खाली बेन्स डोंगरांत धरण बांधायची योजना आहे, तिच्याविरुद्धही २०१२-१३ मध्ये ओपुवोत मोर्चे निघाले. मुळशीच्या मावळ्यांचा १९२१ चा सत्याग्रह मी वर्गात शिकवत असे. सेनापती बापटांचं नाव फळ्यावर लिहिताना मला जे वाटे तेच कापिकांबद्दल वाचताना वाटलं.

दुसरं उदाहरण वन्यप्राण्यांचं. १९८० च्या दशकात दुष्काळ, युद्ध आणि चोरटी शिकार यांमुळे तिथले हत्ती आणि काळे गेंडे संपत आले होते. गार्थ ओवेन-स्मिथ आणि मार्गारेट जेकबसन यांनी तिथल्या गावप्रमुखांबरोबर बसून एक साधी गोष्ट केली : राखणदार त्या प्रमुखांनीच निवडायचे. प्राणी वाढू लागले. १९९६ च्या कायद्याने अशा गावसंस्थांना वन्यप्राणी आणि पर्यटन यांचं उत्पन्न घ्यायचा हक्क मिळाला, आणि आज देशात अशा ८० हून अधिक संस्था आहेत. २०२२ मध्ये कुनोला आलेले आठ चित्ते आपण टीव्हीवर पाहिले, ते याच देशातून आले. जनावर राखायचं कसं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

तेव्हा जाणं योग्य की अयोग्य, असं मला पत्रातून विचारणाऱ्या मैत्रिणीला माझं उत्तर असं : जरूर जा, पण पाहुणी म्हणून जा. त्यांच्या पोरांच्या खिशात मोबाइल दिसला तर हिरमुसू नका. तिच्या अंगावर कातडं आणि तुमच्या अंगावर जीन्स असली, तरी दोघींचं साल एकच आहे. बांगड्या, मणी घ्यायचे तर ज्या बाईने केले तिच्याच हातात पैसे द्या आणि फार घासाघीस करू नका. वाटाड्या त्यांची भाषा बोलणारा हवा. आत शिरण्याआधी परवानगी, फोटोआधी परवानगी, आणि विस्तवाला वळसा.

आणि जाण्याआधी निदान दोन सालं पाठ करा, १९०४ आणि १९८१. गृहपाठ दिल्याशिवाय तास संपवायची सवय मला अजूनही नाही.